'नाही' म्हणायचा खटका

मैत्रिणींनो, यावेळी मी संगणकावर लिहिणार आहे म्हटल्यावर केंद्रातल्या दोघी-तिघी हसल्याच. "ताई, तुमाले तं प्रिंट काढता येत नाही," एक म्हणाली. खरं आहे तिचं. पण जे घडलं ते संगणकाच्या जाणकाराने लिहिलं तर त्यातली बाई गळून पडेल आणि बटणं तेवढी उरतील, म्हणून मीच लिहिते.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यातली गोष्ट. अमरावतीला आमचं दोन दिवसांचं शिबिर होतं. अकोला आणि अमरावती अशा दोन्ही सल्ला केंद्रांच्या कार्यकर्त्या आणि आसपासच्या गावांतल्या बचत गटांच्या बाया मिळून तीसेक जणी होतो. विषय होता कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा 2005 चा कायदा. अकोल्याहून केंद्राचा लॅपटॉप घेऊन आम्ही सकाळच्या गाडीने बडनेऱ्याला उतरलो, तिथून ऑटोने गावात. भिंतीला पांढरी चादर लावली, प्रोजेक्टर सुरू केला. मी बोलायला उभी राहणार, तेवढ्यात चादरीच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकोन उगवला. 'तीन वर्षांपूर्वी, याच दिवशी' अशा अर्थाचं काहीतरी त्यावर लिहिलेलं, आणि खाली एक फोटो. एका बाईचा हात. मनगटापासून कोपरापर्यंत काळानिळा. मनगटाच्या वर गोंदलेलं नाव.

चार-पाच सेकंदांत चौकोन गेला. पण गोंदण वाचायला तेवढा वेळ पुरतो. तिसऱ्या ओळीतल्या एका बाईने पदर तोंडाला लावला. ती त्या हाताच्या सासरच्या नात्यातली निघाली.

तो फोटो आम्हीच काढला होता, न्यायालयात पुरावा म्हणून. केंद्राच्या टेबलावर, दार लावून, तिला विचारून. "हा फोटो मॅजिस्ट्रेट साहेब पाहतील, आणखी कोणी नाही," असं मी स्वतः तिला सांगितलं होतं. माझा शब्द होता तो.

मग शोधाशोध सुरू झाली. फोटो लॅपटॉपमधल्या केसच्या फोल्डरात होता, तो असा आपल्या पायांनी चादरीवर कसा आला? उलगडलं ते असं. त्या यंत्रणेने केसची सगळी फोल्डरं केव्हापासून तरी परस्पर कंपनीच्या साठवणीत चढवायला सुरुवात केली होती. 'तुमच्या फायली सुरक्षित राहाव्यात म्हणून.' आणि चढवलेल्या फोटोंतून 'आठवणी' निवडून दाखवायची तिची रीत होती. तिच्या लेखी लग्नाचा फोटो आणि माराचा फोटो यांत फरक नाही. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. एकीचं लिहिलं तर बाकीच्या साळसूद ठरतील, आणि त्या तशा नाहीत.

आमच्यापैकी कोणीतरी कधीतरी 'हो' म्हटलं असणार. कोण? नेहमीप्रमाणे आम्ही बायांनी आधी एकमेकींकडे बोट दाखवलं. लॅपटॉप जी पोरगी जास्त वापरते ती रडायला लागली. अकोल्याला परतल्यावर दुसऱ्या संगणकावर तीच खिडकी पुन्हा उघडली तेव्हा आम्ही सगळ्या भोवती जमलो आणि पहिल्यांदा ती नीट वाचली. दोन बटणं होती. एकावर 'हो, सुरू करा'. दुसऱ्यावर 'नंतर आठवण करा'. तिसरं नव्हतंच.

केंद्रात स्वयंपाकाला येणारी बाई दारात उभी राहून हे ऐकत होती. ती म्हणाली, "हे तं माह्या नवऱ्यावानीच हाय बाई. 'हो' म्हन, नाही तं 'मंग सांगतो' म्हन. 'नाही' म्हनाचा खटकाच नाही त्याले."

मी तीस वर्षं संमती या शब्दावर भाषणं दिली आहेत. बलात्काराच्या कायद्यावर, लग्नातल्या जबरदस्तीवर. गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे, दहाव्यांदा विचारल्यावर कंटाळून दिलेला होकार म्हणजे होकार नव्हे, भीतीने दिलेला तर नव्हेच, हे शेकडो पोरींना शिकवलं आहे. आणि माझ्या टेबलावरचं यंत्र रोज तेच करत होतं. रोज विचारायचं. नकार नोंदवायचाच नाही. कधीतरी घाईत, दारात बाई रडत उभी असताना, हात चुकून 'हो'वर पडला की कायमचं धरून बसायचं. दिलेला होकार परत घ्यायचा तर सात खिडक्या आतली एक खूण शोधायची, आणि ती काढली तरी पुढच्या सुधारणेबरोबर ती परत लागलेली. हे चुकून झालेलं नाही. कोणीतरी पगार घेऊन, बसून, विचार करून ती दोन बटणं तशी लिहिली आहेत.

कोणी म्हणेल, ताई, एवढ्याशा खिडकीला तुम्ही पितृसत्ता चिकटवता. चिकटवते. कारण परिणाम कोणाच्या अंगावर पडतो ते मी पाहिलं आहे.

आमच्या कामात गुप्तता हा शिष्टाचाराचा भाग नाही, ते कामच आहे. 2005 च्या कायद्यात सुनावणी बंद दाराआड घेण्याची सोय आहे ती उगाच नाही. लैंगिक अत्याचार झालेल्या बाईची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे; पूर्वी भारतीय दंड संहितेत 228-अ होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत ते कलम 72 आहे. कामाच्या ठिकाणच्या छळाचा 2013 चा कायदा तक्रारीतला मजकूर बाहेर जाऊ देत नाही. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 ला पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं. हे सगळं आम्ही शिबिरांत शिकवतो. आणि आमच्या कपाटाला कुलूप, रजिस्टर कपाटात, किल्ली माझ्या कमरेला. मात्र तेच रजिस्टर संगणकावर चढवलं तेव्हा त्याची दुसरी किल्ली कोणाकडे गेली हे आम्ही विचारलंच नाही. चूक आमची आहे, ती मी टाळत नाही.

जगजाहीर असलेली एक गोष्ट मात्र नाव घेऊन सांगते. मे 2024 मध्ये मायक्रोसॉफ्टने 'रिकॉल' नावाची सोय जाहीर केली. तुम्ही संगणकावर जे पाहता त्याची दर काही सेकंदांनी छबी घ्यायची आणि जपून ठेवायची, म्हणजे पुढे 'मी ते कुठे पाहिलं होतं' असं विचारलं की यंत्राने शोधून द्यावं. सुरक्षेच्या अभ्यासकांनी टीकेची झोड उठवल्यावर कंपनीने ती लांबवली, वापरणाऱ्याने स्वतः सुरू केली तरच चालेल अशी केली, आणि 2025 मध्ये नव्या, ठरावीक संगणकांवर आणली. या छब्या संगणकातच राहतात, आम्ही पाहत नाही, असं कंपनीचं म्हणणं. ते खरं धरून चालू. पण आमच्या केंद्रात येणाऱ्या बाईला कंपनीचं भय नंतर, आधी भय घरातल्याचं. घरातल्या संगणकाचा पासवर्ड नवऱ्याला माहीत असतो, बहुतेक वेळा त्यानेच ठेवलेला असतो. तिने दुपारी एकटीने पोटगीबद्दल काही वाचलं, बहिणीला दोन ओळी लिहिल्या, माहेरच्या गाडीची वेळ पाहिली, आणि संध्याकाळी तो सगळा दिवस त्याच्यापुढे चित्रांसारखा मांडलेला. ज्या खोलीत ही सोय सुचली त्या खोलीत मार खाल्लेली एकही बाई नसावी, असं मला वाटतं. असती तर तिने पहिल्याच मिनिटाला विचारलं असतं, "आणि तो बसला तर?"

आता आमचीही एक गोष्ट कबूल करते, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं खोटं वाटेल. पूर्वी वर्षानुवर्षं आमच्या संगणकावर चोरीची प्रत होती. दुकानदार संगणक विकतानाच एक सीडी घालून द्यायचा, आम्ही कधी विचारलं नाही. अकोल्यात काय आणि अमरावतीत काय, किती कचेऱ्यांत हेच चालत आलं आहे. फुकटची म्हणून तिच्यातले विषाणू आम्ही सोसले. मग देणगी मिळाली तेव्हा प्रामाणिकपणाने विकतची घेतली. वाटलं, आता आपण गिऱ्हाईक, आता मान मिळेल. तर विकतचीने आल्या आल्या नाव, पत्ता, ईमेल मागितला, जाहिराती दाखवल्या आणि आमची कपाटं उचकली. पैसे देऊन वस्तू आपली होते हे या व्यवहारात खरं नाही. आपण वापरण्याचा परवाना घेतो. वस्तू त्यांचीच राहते.

वऱ्हाडातल्या बाईला हे समजावून सांगायला फार शब्द लागत नाहीत. तिने बियाण्याचं पाहिलं आहे. आमच्या आज्या ज्वारी, तूर, मूग यांचं बी निवडून, राख आणि कडुलिंबाचा पाला घालून गाडग्यात ठेवायच्या. शेजारणीचं बी बुडालं तर पसाभर द्यायच्या, ती पुढच्या साली सव्वा पसा परत करायची. बियाण्याचं ज्ञान बाईकडे होतं. मग संकरित बियाणं आलं, 2002 मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि थोड्याच वर्षांत आपल्याकडचा जवळजवळ सगळा कापूस पाकिटातल्या बियाण्यावर गेला. संकरित वाणाचं बी घरी ठेवून पुन्हा पेरलं तर पहिल्यासारखं पीक येत नाही. म्हणजे दर मृगाला दुकानाच्या दारात उभं राहायचं, भाव तो सांगेल तो. आणि गाडगं फुटलं ते फुटलंच, कारण वीस वर्षांत ते ज्ञानही गेलं. नगर जिल्ह्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाणांची बियाणं पुन्हा गोळा केली, 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. (त्यांचं गाव अकोले तालुक्यातलं. आपलं अकोला वेगळं. आमच्या एका कार्यकर्तीने तीन दिवस अभिमानाने पेढे वाटायचं ठरवलं होतं.)

संगणकाच्या जगातही असं घरचं बी आहे, हे मला अमरावतीत इंजिनिअरिंग शिकलेल्या एका पोरीने सांगितलं. ती आमच्याकडे आईच्या केससाठी यायची. "ताई, लिनक्स टाका," ती म्हणाली. मला वाटलं औषधाचं नाव आहे.

तिने जे सांगितलं ते माझ्या शब्दांत. 1980 च्या सुमाराला अमेरिकेत एम.आय.टी.च्या प्रयोगशाळेत एक नवा छपाईयंत्र आला. त्यात कागद अडकायचा. रिचर्ड स्टॉलमन नावाच्या तिथल्या प्रोग्रॅमरने म्हटलं, मी दुरुस्त करतो, मला त्याची आतली आज्ञावली द्या. ती मिळाली नाही, गुपित म्हणून. स्वतःच्या कामाचं यंत्र स्वतः दुरुस्त करायची मनाई! त्या माणसाने 1983 मध्ये जाहीर केलं की मी असं सॉफ्टवेअर बनवीन जे कोणीही वापरावं, उघडून पाहावं, बदलावं आणि दुसऱ्याला द्यावं. 1991 मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने त्याचा गाभा लिहिला, तो लिनक्स. पुढच्याच वर्षी त्याने तो याच मोकळ्या परवान्याखाली आणला. परवान्याची मुख्य अट एवढीच की घेतलंत तर पुढच्याला देताना त्याचा हक्क मारू नका. पसा आणि सव्वा पसा. जगभरातल्या हजारो माणसांनी त्यात भर घातली, आणि आज इंटरनेटचा बराचसा कारभार त्यावर चालतो.

सप्टेंबरमध्ये एका रविवारी ती पोरगी पेन ड्राइव्ह घेऊन आली. पहिली गंमत ही की संगणकातलं काही न पुसता, नुसता पेन ड्राइव्ह लावून तो लिनक्सवर चालवून पाहता येतो. आवडलं नाही तर काढून घ्या. (इथे 'नाही' म्हणायचा खटका होता, हे माझ्या लगेच लक्षात आलं.) आम्ही 'मिंट' नावाचा प्रकार घेतला. लावताना त्याने खातं उघडायला सांगितलं नाही, ईमेल मागितला नाही. एक मात्र विचारलं, पूर्ण डिस्कला कुलूप लावायचं का? आम्ही लावलं. आता लॅपटॉप चोरीला गेला तरी पासवर्डशिवाय आतलं वाचता येणार नाही. उलट पासवर्ड आपणच विसरलो तर जगात कोणी उघडून देणार नाही. म्हणून तो कागदावर लिहून, पाकिटात घालून, लाख लावून कपाटात ठेवला आहे. शेवटी कपाटच!

माझ्या टेबलावरचा तो दहा वर्षांचा संगणक, जो दुकानदाराने भंगारात काढायला सांगितला होता, त्यात नवी एसएसडी बसवली आणि तो धावायला लागला. याचंही सांगायला हवं. विंडोज 10 ची सुरक्षेची देखभाल कंपनीने 14 ऑक्टोबर 2025 ला थांबवली. जास्तीचं वर्ष हवं तर त्याची वेगळी सोय. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 नावाची चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. म्हणजे धडधाकट चालणारी जुनी यंत्रं कागदोपत्री म्हातारी ठरली. बँका, कचेऱ्या ती काढून टाकतात. माझ्या मते संस्थांनी ती मागून घ्यावीत. आमच्या अमरावती केंद्राला अशीच दोन मिळाली.

आता अडचणी. त्या सांगितल्या नाहीत तर तुम्ही मला उद्या शिव्या द्याल.

सगळ्यात मोठी अडचण मराठीची निघाली. आमचे वीस-पंचवीस वर्षांचे अर्जांचे नमुने, पत्रकं, अहवाल, सगळं त्या काळच्या विकतच्या फाँटमध्ये टाइप केलेलं. त्या फाँटांची युक्ती अशी होती की आत साठवायची इंग्रजी अक्षरंच, फक्त वर मराठी आकाराचं कातडं चढवायचं. फाँट आहे तोवर मराठी. तो नसला की त्याच फायलीत इंग्रजी अक्षरांची खिचडी. लिनक्सवर फाइल उघडली आणि आमची टायपिस्ट ओरडली, "ताई, सगळं गेलं!" गेलं नव्हतं. पण तेव्हा मला कळलं की आपण आपल्याच भाषेत लिहिलेलं एका दुकानदाराच्या कुलपात वीस वर्षं ठेवून बसलो होतो. युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं आहेत. ती बरंचसं काम करतात आणि उरलेल्यात रडवतात. ऱ्हस्व वेलांटी आणि रफार हे दोन त्यांचे वैरी. 'हिंसा'मधली वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते, 'अर्जदार'मधला रफार भरकटतो. आणि आमच्या प्रत्येक कागदावर पहिला शब्द अर्जदार! तिघी जणी दोन महिने संध्याकाळी बसून कागदं सुधारत होत्या. अजून सगळी झालेली नाहीत.

दुसरी अडचण हातांची. आमची टायपिस्ट मूर्तिजापूरची. टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये फी भरून मराठी तीस शब्दांची परीक्षा पास झालेली. तिची बोटं रेमिंग्टनच्या कळफलकावर बसलेली. लिनक्समध्ये इन्स्क्रिप्ट आधीपासूनच असतो, तो तिला नवा. पहिले पंधरा दिवस तिने माझ्याशी बोलणं टाकलं होतं. कष्टाने मिळवलेलं कसब एका सकाळी निरुपयोगी ठरवणं ही क्रूर गोष्ट आहे, आणि ती मी केली. दीड महिन्याने तिचा हात बसला. पण 'सोपं आहे हो, काही वाटणार नाही' असं सांगणाऱ्या उत्साही पोरांना मी तिच्यासमोर बसवीन.

तिसरं, हिशेबाचं सॉफ्टवेअर आणि सरकारी कामाच्या सहीची ती पेन ड्राइव्हसारखी किल्ली. आमचे लेखापाल म्हणाले, माझं त्याच्याशिवाय चालणार नाही. वाद घातला नाही. एक संगणक जुन्याच यंत्रणेवर ठेवला, फक्त हिशेबाला. त्यात एकाही बाईचं नाव नाही. केसची कागदं लिनक्सवर, आणि त्यांची नक्कल कुलूप लावलेल्या दोन डिस्कवर; एक अकोल्याच्या कपाटात, एक अमरावतीच्या. महिन्यातून एकदा कोणीतरी पर्समध्ये घालून गाडीने नेते-आणते. हसू नका, यापेक्षा भरवशाची सोय मला अजून कोणी दाखवलेली नाही.

ही सगळी यातायात आम्हाला का पडावी, हा खरा प्रश्न आहे. आपल्या राज्यात 2001 मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ निघालं. त्यांचा एम.एस.-सी.आय.टी. अभ्यासक्रम तालुक्या-तालुक्यात पोचला, सरकारी नोकरीसाठी त्याचं प्रमाणपत्र लागतं. आपल्या कितीतरी मुलींनी त्यामुळे पहिल्यांदा माउस हातात धरला. ते श्रेय मी नाकारत नाही. पण त्यात शिकवलं गेलं ते मुख्यतः विंडोज आणि ऑफिस. संगणकसाक्षरता म्हणजे एका कंपनीच्या मालाची सवय, असं समीकरण सरकारी शिक्क्याने पक्कं झालं. त्याच सुमाराला केरळने शाळांसाठी आय.टी.@स्कूल प्रकल्प सुरू केला आणि पुढच्या काही वर्षांत शाळांतले संगणक लिनक्सवर नेले. तिथे दहावीचं पोर सरकारी शाळेत मल्याळममधून ते शिकतं. आपल्या केंद्र सरकारच्या सी-डॅकने 2007 मध्ये 'बॉस' नावाची लिनक्स काढली, मराठीसकट. संरक्षण मंत्रालयाने 2023 मध्ये आपल्या संगणकांसाठी 'माया' ही लिनक्सवर बेतलेली प्रणाली घेतली. म्हणजे सैन्याची गुपितं कुठे ठेवावीत हे सरकारला कळतं. बायकांची गुपितं ठेवणाऱ्या सरकारी कचेऱ्यांत, संरक्षण अधिकाऱ्यांच्या टेबलांवर काय आहे, हे प्रत्येकीने आपापल्या जिल्ह्यात जाऊन एकदा पाहावं.

आणि आपल्या अमरावती जिल्ह्यातलं हरिसाल आठवा. मेळघाटात, धारणी तालुक्यात. राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्टच्या भागीदारीतून 2016 च्या सुमाराला ते देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजलं. 2019 च्या निवडणुकीत राज ठाकरे यांनी सभांमधून पडद्यावर चित्रफिती लावून त्या दाव्यांची चिरफाड केली, सत्ताधाऱ्यांनी उलट उत्तरं दिली. कोण किती खरं यात मी पडत नाही. मला खटकतं ते वेगळंच. दोन्हीकडून हरिसाल म्हणजे पडद्यावर दाखवायची वस्तू झाली. कोरकू बोलणाऱ्या बाईला यंत्राकडून काय हवं, तिच्या भाषेत त्याने काय बोलावं, तिची माहिती कुठे जावी, हे तिला विचारल्याचं त्या गदारोळात कुठे ऐकू आलं नाही.

तर लिनक्स घेतलं की सुटलो का? नाही, बायांनो. तिथलं जगही पुरुषांचंच आहे. 2002 च्या एका युरोपीय पाहणीत मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांत बायका शेकडा एकच्या आसपास निघाल्या. त्याच वर्षी व्हॅल हेन्सन या लिनक्सवर काम करणाऱ्या बाईने, बायका इथे का टिकत नाहीत आणि पुरुषांनी काय करणं थांबवावं, याची एक पुस्तिकाच लिहिली. स्टॉलमनलाही 2019 मध्ये एपस्टाइन प्रकरणातल्या एका पीडित मुलीबद्दल केलेल्या विधानांमुळे एम.आय.टी. आणि स्वतः स्थापलेली संस्था सोडावी लागली, आणि 2021 मध्ये तो संस्थेच्या मंडळावर परतलाही. स्वातंत्र्यावर चांगलं बोलणारे पुरुष घरात कसे वागतात हे आपल्याला चळवळीत नवं नाही. बी चांगलं आहे, म्हणून पेरणाऱ्याच्या पाया पडायचं कारण नाही.

आणखी एक. तुमच्या हातातला अँड्रॉइड फोन, त्याच्याही पोटात लिनक्सच आहे! आणि तो दिवसभर तुम्ही कुठे जाता हे मोजतो. म्हणजे बी घरचं असलं तरी शेत दुसऱ्याचं असेल तर पीक त्याचंच. आमच्या बायांचे फोन ही आमची न सुटलेली अडचण आहे. संगणक आम्ही बदलला, पण तिच्या नवऱ्याने तिच्या फोनमध्ये काय घालून ठेवलं आहे ते आम्हाला दिसत नाही. सध्या एवढंच करतो की बोलायला बसताना सगळे फोन बाहेरच्या खोलीत, माझ्यासकट. तारखेची आठवण फोनवर करायची तर 'शिवणक्लासला ये' असा निरोप.

ती गोंदणवाली बाई शिबिरानंतर दोन तारखांना आली नाही. सासरी फोटोचा बोभाटा झाला होता, 'कुळाची अब्रू भिंतीवर लावली' म्हणून. तिसऱ्या तारखेला आली. आमच्या वकील बाईंशी बोलली, माझ्याशी नाही. चहाच्या टपरीवर मी तिच्याजवळ जाऊन माफी मागितली. तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, "आता तो फोटो तठी नाही ना?"

मी सांगितलं, आमच्या संगणकावर तो कुलपात आहे. कंपनीच्या साठवणीतून आम्ही पुसला, खातंही बंद केलं. त्यांच्या यंत्रांतून तो खरंच गेला का हे मला पाहता येत नाही. तिने बांगड्या मागे सारल्या, गोंदणावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "मंग मले खोटं नोका सांगू."